गाद्या आणि निनाद

मुलगी सासरी गेली आणि तिची खोली घुमू लागली. यात मी काव्य करीत नाही. मी जालन्याच्या एका शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. शेजारच्या वर्गात कविता सुरू झाली की मधले दार ओढून घेणाऱ्यांपैकी मी एक होतो. २०१७ च्या वैशाखात तिचे लग्न झाले. पुढच्या पंधरा दिवसांत तिचे लाकडी कपाट, पलंग, पुस्तकांची खोकी आणि कपड्यांच्या तीन पेट्या एका टेम्पोतून नाशिकला गेल्या. खोलीत राहिल्या चार भिंती, वर स्लॅब, खाली फरशी आणि खुंटीवर विसरलेली एक ओढणी. तिथे उभे राहून मी तिला फोन केला, तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही विहिरीत उतरून बोलताय का?"

मी चपापलो. आवाजाचा धडा मी इतक्या वेळा शिकवला होता, की झोपेत विचारले तरी व्याख्या सांगितली असती. प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी परावर्तन करणारा पृष्ठभाग निदान १७.२ मीटर दूर हवा. त्याहून जवळच्या भिंतींवर आवाज पुन्हा पुन्हा आपटून लांबत राहतो, तो निनाद. उपाय म्हणून पडदे, गालिचे आणि सच्छिद्र तक्ते सांगावेत, दोन गुण. हे सगळे मी फळ्यावर लिहीत असे, आणि ज्या वर्गात लिहीत असे तो वर्ग पत्र्याच्या डब्यासारखा वाजत असे, हे माझ्या कधी ध्यानात आले नाही.

आमचे जुने घर माळवदाचे होते. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर पांढऱ्या मातीचा थर आणि खाली शेणाने सारवलेली जमीन. त्या घरात बोललेला शब्द जिथल्या तिथे विरून जाई. माझ्या वडिलांनी १९८४ साली ते पाडून पक्के घर बांधले, तेव्हा आजीची एकच तक्रार होती : या घरात पोरांचे रडणे दुप्पट ऐकू येते. आम्ही तिला हसलो. आज वाटते, आमच्या घराण्यातला विज्ञानाचा पहिला अभ्यासक मी नव्हे.

निवृत्त झाल्यावर करायचे काय, हा प्रश्न माझ्यापुढे आला, तसा तो माझ्याहून अधिक सौभाग्यवतीपुढे आला. दिवसभर घरात असलेला पुरुष ही संसारातली एक स्वतंत्र आपत्ती आहे. त्या सुमारास पुतण्याने त्याचे दोन जुने माइक आणि आवाज संगणकात उतरवणारी एक डबी मला देऊन टाकली. मोहल्ल्यातल्या भजनी मंडळाने विचारले, "आमचा हरिपाठ रेकॉर्ड करता का?" मी मुलीच्या रिकाम्या खोलीत त्यांना बसवले, आणि नंतर ऐकले तर काय! टाळ, पखवाज आणि आठ माणसे एकाच हंड्यात घालून वर झाकण ठेवल्यासारखे वाटत होते. मंडळाचे अध्यक्ष सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "छान आहे. फक्त शब्द कळत नाहीत."

खोली बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच. टाळी वाजवली की तिचा शेपटा दोन-अडीच सेकंद खोलीत फिरत राही.

या दुखण्यावर औषध शोधताना मला एक गुरुबंधू भेटला. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवे व्याख्यानगृह बांधून तयार होते आणि त्यात बोललेले कुणालाच कळत नव्हते. एकदा उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे. तोवर वक्त्याची पुढची दोन वाक्ये त्यावर जाऊन पडत. हे निस्तरण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आले. रोज मध्यरात्र उलटली की हा गृहस्थ जवळच्या नाटकगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून या सभागृहात आणी, ऑर्गनची एक नळी वाजवी आणि आवाज पुरता विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजी. आणखी गाद्या, आणखी मोजणी. उजाडायच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर. पुढे त्याच्या ध्यानात आले, की मोजणाऱ्याच्या अंगावरचे कपडेही आवाज खातात. तेव्हा त्याची कितीतरी मापने त्याला टाकून द्यावी लागली. या उचलठेवीतून जो नियम निघाला, तो आजही जगभर वापरतात : खोली जितकी मोठी तितका निनाद लांब, आणि खोलीत मऊ वस्तू जितक्या जास्त तितका तो आखूड. १९०० साली उघडलेले बोस्टनचे प्रसिद्ध संगीतगृह याच हिशेबावर बांधले गेले.

म्हणजे मुलीच्या जाण्याने खोली घुमू लागली, हे शास्त्रशुद्ध होते. तिचे कपडे, तिची गादी, तिची पुस्तके आणि स्वतः ती, सगळी मिळून आवाज पीत होती.

मी सॅबिनचा मार्ग धरला. आमच्या माळ्यावर पाहुण्यांसाठीच्या सात गाद्या आहेत. सौ. दुपारी मंदिरात गेली असताना मी त्यांपैकी चार खाली उतरवून भिंतींशी उभ्या केल्या आणि टाळी वाजवली. काय सांगू! शेपटा निम्म्यावर आला होता. उरलेल्या तीनही आणल्या. सातवी कोपऱ्यात बसवीत होतो, तोच दारातून आवाज आला, "पाहुणे येणार आहेत का?"

"नाही. प्रयोग आहे."

"शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळेला कुलूप होतं, आणि आता माझ्या गाद्यांवर प्रयोग!"

वाचकांपैकी कुणाच्या डोक्यात असा नाद शिरला असेल, तर दोन गोष्टी अनुभवाने सांगून ठेवतो. एक, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला जो तो देतो. तो ऐकू नये. मी शंभर आणले. खोलीला कोंबड्यांच्या खुराड्याची कळा आली, पण आवाजात फरक पडला तो फक्त सगळ्यांत बारीक स्वरांत. दोन, गादी खोलीतला आवाज पिते, बाहेरचा अडवीत नाही. बाहेरचा अडवायला भिंत जड हवी आणि दाराला फट नको. आमचे गाव सळयांचे. भंगाराचा ट्रक रस्त्यावरून गेला की माझ्या सातही गाद्यांतून तो सरळ आत येतो. शिवाय आमच्याकडे नळाला पाणी येते ते दिवसांच्या अंतराने, आणि ज्या क्षणी येते त्या क्षणी गल्लीभर "नळ आले!" अशी जी आरोळी उठते, ती थोपवणारी भिंत अजून कुणी बांधलेली नाही. त्या वेळी गाणारासुद्धा हंडा घेऊन पळतो.

पण गाद्यांचा पराक्रम ढोलापुढे संपला. ढोल वाजवला की खोलीच्या कोपऱ्यात छातीत धडकी भरे आणि खोलीच्या मध्यावर तोच ढोल जणू कुणी चोरून नेलेला असे. हिशेब केला. बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा स्वर नेमका अडकून उभा राहतो. भिंतींपाशी त्याचा जोर असतो, मध्यावर तो शून्य होतो. त्यात आमची खोली चौरस, म्हणजे लांबी-रुंदी दोन्हींकडून तोच स्वर. असा खालचा आवाज पातळ गादी ओळखतच नाही. त्याला हातभर जाड काहीतरी कोपऱ्यात लागते. मग भट्ट्यांभोवती उष्णता अडवायला बसवतात ती दगडी लोकर मी आणली. सुताराकडून तिच्यासाठी लाकडी चौकटी करून घेतल्या, त्यांवर सौ.ची जुनी सुती लुगडी ताणून बसवली. लोकरीने आठ दिवस अंग खाजत होते. सुतार चौकटी ठोकून झाल्यावर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, ही कपाटं उघडायची कुठून?"

अखेर टाळी पाव सेकंदात विझू लागली. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. कॉलेजच्या मुलांचा एक गिटार-ड्रमवाला बँड आला, त्यांनी आपले गाणे ध्वनिमुद्रित केले आणि मग संगणकावर एक बटण दाबले. क्षणात त्यांचे गाणे मोठ्या दगडी चर्चमध्ये गायल्यासारखे घुमू लागले. मी विचारले, हे काय? "सर, यात सगळ्या खोल्या आहेत. चर्च आहे, हॉल आहे, बाथरूमसुद्धा आहे. कुठली लावू?" जो निनाद घालवायला मी चार महिने राबलो होतो, तो पोरांनी माझ्या देखत यादीतून निवडून परत आणला. मी चहा आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

गेल्या आषाढात मास्तर आले.

मास्तर म्हणजे आमच्या भागातले जुने बँडमास्तर. जालन्याला एके काळी इंग्रजांच्या पलटणींची छावणी होती. पलटणीबरोबर बँड आला, पलटणी गेल्या आणि त्यांची वाद्ये आपल्या वरातींनी ठेवून घेतली. आपल्याकडे बहुतेक गावी थोड्याफार फरकाने हीच कथा आहे. मास्तर क्लॅरिओनेट वाजवतात. 'नागिन' हा चित्रपट १९५४ साली आला. त्यातली पुंगी खरी पुंगी नव्हतीच, क्लॅव्हिओलिन नावाचे विजेचे वाद्य आणि हार्मोनियम यांनी केलेली ती नक्कल होती. त्या नकलेची नक्कल मास्तर क्लॅरिओनेटवर अशी करतात, की वरातीतली निम्मी मंडळी रस्त्यावर आडवी होतात. अलीकडे मात्र वरातीत भिंतीएवढ्या पेट्या लावलेला ट्रक असतो आणि मास्तरांना बोलावणे येते ते बहुधा पाठवणीपुरते.

ते ओसरीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, दात काढायचेत."

मला वाटले, पैसे हवे असतील. पण तसे नव्हते.

"वरचे दोन हलायलेत, खालचे तर समदेच. डॉक्टर म्हनला, सगळे काढून कवळी बसवू. पण कवळीवर हे वाजत नाही ना." त्यांनी पिशवीतल्या क्लॅरिओनेटवर हात ठेवला. "वरचे दात टेकवायचे, खालच्या दातांवर ओठ दुमडायचा, तवा पत्ती बोलती. महिनाभर थांब म्हनलं डॉक्टरला. तुमच्याकडं मशीन हाय म्हनून ऐकलं."

मी म्हटले, "उद्याच या."

दुसऱ्या दिवशी अकरा माणसे आली. बारा फूट चौरस खोलीत अकरा माणसे, दोन ट्रम्पेट, एक युफोनियम, ढोल, ताशा, झांजा आणि खुळखुळा. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. माझे कान मशीनकडे होते आणि मशीनवर सगळे अगदी स्वच्छ दिसत होते : एकेक स्वर सुटा, धुतलेल्या तांदळासारखा. पण मास्तर दोन ओळी वाजवून थांबत. पुन्हा वाजवत, पुन्हा थांबत. फुंक वाढवत. आणि फुंकेचा जोर वाढला की क्लॅरिओनेटचा स्वर किंचित उतरतो. तो उतरला की ट्रम्पेटवाला त्यांच्याकडे पाही. चौथ्या वेळी त्यांनी वाद्य ओठांवरून काढले, भिंतीवरच्या लुगड्याला हात लावून पाहिले आणि म्हणाले, "आवाज वापस येईना गुरुजी."

"तो येऊ नये म्हणूनच तर हे सगळं केलंय, मास्तर."

"तुमचं बरोबर असंल. पण मी वाजवलं का नाही, ते मला कसं कळावं?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. माणूस स्वतःचा सूर नुसत्या तोंडाशी ऐकत नाही, समोरच्या भिंतीवरून येतो तोही ऐकतो, आणि त्यावर फुंक बेतत असतो. रस्त्यावरची वरात आपण उघड्यावरची समजतो. पण दोन्ही बाजूंच्या घरांच्या भिंती बँडला ओळीओळीने जाब देत असतात. पन्नास वर्षे हा माणूस गल्ल्यांशी बोलत आला होता. त्याला मी कापसात गुंडाळून ठेवले होते.

अर्थात निनाद हवा म्हणून कसाही चालत नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, मी दर वर्षी सहल नेत असे. त्या दगडी कमानदार छताखाली कुणी एक संथ स्वर लावला, तर तो उतरायलाच तयार नसतो, अंगावर काटा येतो. तिथे ढोल-ताशा वाजवला तर मात्र खिचडी होईल. मास्तरांना हवी होती त्यांच्या मापाची जागा.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुना वाडा आहे. मालक पुण्याला असतात, किल्ली शेजारी असते. दारातून आत गेले की लाकडी खांबांची ढाळज, पुढे फरसबंद चौक, वर मोकळे आभाळ. पाऊस उघडला होता. मी चौकभर टाळ्या वाजवत, डोळे मिटून फिरलो आणि माइकसाठी एक जागा ठरवली. मास्तरांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी एकच लांब स्वर लावला, तो थांबवला आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. मग दोन पावले डावीकडे सरकले. पुन्हा तोच स्वर. "इथं." माझ्या जागेहून ती दोन पावले निराळी होती. ती बरोबर होती.

माइक दोनच, तेव्हा जुन्या रेकॉर्डवाल्यांची युक्ती केली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि एका हॉटेलच्या खोल्यांत त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा ना वीज होती ना बटणे. एक कर्णा आणि त्यापासून कोणी किती दूर उभे राहायचे एवढीच काय ती करामत. तसेच मी केले. मास्तर जवळ, युफोनियम त्यांच्या मागे, ट्रम्पेट पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून, ताशा खांबाआड आणि ढोल थेट दाराशी. खुळखुळेवाला पोरगा रुसला, म्हणून त्याला मास्तरांशेजारी उभे केले.

तीन धुना झाल्या. एकेकदाच वाजवल्या, पुन्हा लागल्याच नाहीत. मग मास्तर म्हणाले, "आता एक शेवटची. पाठवनीची." आणि थोडे हसून, तोंडावर हात धरून म्हणाले, "ही कुनी ऐकलेलीच नाही, गुरुजी. पन्नास वर्षं वाजवायलो. जे ते रडत असतंय."

मी कानांवर श्रवणयंत्रे चढवली होती, म्हणून माझा चेहरा त्यांच्याकडे नव्हता, हे बरे झाले. २०१७ च्या वैशाखात आमच्या मांडवाच्या दाराशी मास्तरच होते. त्या दिवसाचे मला सगळे आठवते : कार्यालयाच्या विजेच्या बिलावरून मेहुण्याने घातलेला वाद, गाडीच्या चाकाखाली ठेवलेला नारळ, सौ.ने घट्ट धरलेले माझे मनगट. धून आठवत नव्हती. एक सूरसुद्धा नाही. आता आठ वर्षांनी ती पहिल्यांदा माझ्या कानी पडत होती, आणि चौकाच्या भिंती ती ओळीओळीने मास्तरांना परत देत होत्या. ढोल नव्हता, ताशा नव्हता. ट्रम्पेटवाले भिंतीकडे तोंड करून नुसते उभे होते. शेवटून दुसऱ्या ओळीत शेजारच्या घरातल्या कुकरने एक खणखणीत शिट्टी दिली.

श्रावणात मास्तर ऐकायला आले, तेव्हा तोंडाला रुमाल होता. दात गेले होते, कवळी अजून यायची होती. मी त्यांना मुलीच्या खोलीत, गाद्यांच्या मधोमध बसवून सगळे ऐकवले. ते डोळे मिटून बोटे हलवीत होते. बोटे क्लॅरिओनेटच्या भोकांवर पडत होती. संपल्यावर रुमालाआडून म्हणाले, "तिसऱ्या ओळीत दम कमी पडला." मला ते कळलेही नव्हते. मी विचारले, "ती शिट्टी कापून टाकू? येतं मला."

"राहू द्या. लग्नाच्या घरी सैपाक नको व्हय?"

मुलीला मी ती धून अजून पाठवलेली नाही. फोनवर पाठवणे सोपे आहे, पण ती बसमध्ये ऐकेल, एका कानाने ऐकेल. धनत्रयोदशीला ती मुलांना घेऊन येते आहे, तेव्हा ऐकवीन म्हणतो. मात्र येताना जावई आणि त्यांचे आईवडीलही आहेत, त्यामुळे सात गाद्यांचा हुकूम सुटला. काल त्या सगळ्या उतरवून गच्चीवर उन्हात टाकल्या. चौकटी तेवढ्या राहिल्या आहेत. त्यांचीही दोन दिवसांनी माळ्यावर रवानगी आहे.

गाद्या गेल्यावर मी खोलीच्या मध्यावर उभा राहिलो आणि एक टाळी वाजवली. शेपटा बराच परत आला होता. दुसरी वाजवली. तेवढ्यात जिन्यातून हाक आली, "अहो, टाळ्या कसल्या वाजवताय? सहाच गाद्या आहेत वर. सातवी कुठंय?"

सातवी कोपऱ्यातल्या चौकटीमागे होती. ढोलासाठी ठेवली होती.